खेळाडूचा गुडघा : एक जमाखर्च

गुडघेदुखी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आजी येते. कठड्याला धरून जिना चढणारी, पाटावर बसायचे टाळणारी, रात्री झोपताना गुडघ्याला तेल चोळणारी. परंतु संध्याकाळी आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर एक फेरी मारून पाहा. व्हॉलीबॉलच्या नेटजवळ, लांब उडीच्या खड्ड्याजवळ किंवा खो-खोच्या खांबापाशी कोणी ना कोणी गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा दाबून उभे असलेले दिसेल. वय अठरा-एकोणीस, प्रकृती ठणठणीत, आणि तरीही गुडघा दुखतो. ही गुडघेदुखी आजीच्या गुडघेदुखीहून वेगळी आहे. तिचे कारण वेगळे, तिचे स्थान वेगळे आणि म्हणून तिच्यावरचा उपायही वेगळा. प्रस्तुत लेखात या दुखण्याची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने शरीरशास्त्रावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. मी महाविद्यालयाच्या व्हॉलीबॉल संघात खेळते आणि हे दुखणे मी स्वतः आठ महिने सोसले आहे, हे पहिले कारण. दुसरे असे की, या विषयावर जसजसे वाचत गेले तसतसे माझ्या लक्षात आले की हा मुळात जमाखर्चाचाच प्रश्न आहे. मात्र मी डॉक्टर नाही. हा लेख तपासणीच्या ऐवजी नसून, तपासणीला जाताना काय विचारावे आणि परत आल्यावर काय करावे हे समजण्यासाठी आहे.

वाटी, पट्टा आणि नडगी

खुर्चीवर बसा आणि एक पाय समोर ताठ करा. गुडघ्याच्या वाटीखाली बोट ठेवले तर एक कडक, रुंद पट्टा हाताला लागेल. मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायूंचा मोठा गट असतो. हे चारही स्नायू खाली एकत्र येऊन वाटीला बिलगतात, आणि वाटीच्या खालच्या टोकापासून हा पट्टा निघून नडगीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याला मिळतो. याला मराठीत कंडरा म्हणतात. दवाखान्यात आणि मैदानावर आपण ‘टेंडन’ म्हणतो. विहिरीवरच्या रहाटाला जशी कप्पी असते तशी वाटी या ओढीला दिशा देते. मांडीच्या स्नायूंनी जोर लावला की तो वाटीवरून या पट्ट्यात उतरतो आणि पाय सरळ होतो. उठणे, चढणे, धावणे, उडी मारणे, एवढेच नव्हे तर उडीनंतर जमिनीवर अलगद उतरणे, हे सारे याच चार-पाच सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यातून घडते.

हा पट्टा कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा बनलेला असतो. सुंभाच्या दोरात धागे जसे एका दिशेने पिळलेले असतात, तसे हे धागे शेजारी शेजारी एका ओळीत असतात. म्हणूनच तो चिवट असतो आणि स्प्रिंगसारखा ताणून पुन्हा आखडतो. त्याची ताकद किती? १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचा हिशेब सापडतो. वजन उचलण्याच्या स्पर्धेत एका खेळाडूची ही कंडरा तुटली. त्या क्षणाचे चित्रीकरण उपलब्ध होते. त्यावरून मांडलेल्या गणिताप्रमाणे तुटतेवेळी तिच्यावर त्याच्या शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेसतरा पट ओढ होती. तेच प्रमाण पन्नास किलोच्या मुलीला लावले तर आकडा पावणेनऊशे किलोंच्या घरात जातो! तेव्हा एका उडीने निरोगी कंडरेचे सहसा काही बिघडत नाही. प्रश्न एका उडीचा नसून उड्यांच्या बेरजेचा असतो.

हे दुखणे ओळखावे कसे?

१९७३ साली अमेरिकेतील डॉक्टर ब्लाझिना व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्याला ‘जंपर्स नी’, म्हणजे उडी मारणाऱ्याचा गुडघा, हे नाव दिले. त्याच्या खुणा बऱ्याच ठराविक आहेत.

दुखण्याची जागा एका बोटाने दाखवता येते, आणि ती बहुतेक वेळा वाटीचे खालचे टोक हीच असते. भार वाढला की दुखणे वाढते. चालताना काही नाही, जिना उतरताना थोडे, उठाबशा काढताना अधिक आणि उडी मारताना सर्वांत अधिक, असा त्याचा क्रम असतो. सरावाच्या सुरुवातीला गुडघा बोलतो, अंग गरम झाले की गप्प होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासह वसुली करतो. गुडघा दुमडून फार वेळ बसले, उदाहरणार्थ एस. टी. च्या बाकावर किंवा परीक्षेच्या तीन तासांत, तरी तो दुखतो. मला स्वतःला राजहंसगड चढताना त्रास झाला नाही. उतरताना मात्र दर पावलाला वाटीखाली कळ येत होती.

याउलट काही खुणा वेगळ्या दुखण्याच्या असतात. संपूर्ण गुडघा सुजला, गुडघा मध्येच अडकू लागला, किंवा पाय टाकताना तो दगा देऊ लागला, तर आतल्या कुर्चेला किंवा अस्थिबंधाला इजा असू शकते. वाढीच्या वयातल्या मुलामुलींत वाटीच्या खाली नडगीवरचा उंचवटाच दुखतो. ती हाडाच्या वाढीशी संबंधित तक्रार आहे. वाटीच्या मागे किंवा भोवताली, बोट नेमके ठेवता न येणारे दुखणे हेही निराळे. आणि उडी मारताना ‘कट्’ असा आवाज येऊन पाय उचलून सरळ करता येईनासा झाला, तर कंडरा तुटली असण्याची शक्यता असते. अशा वेळी वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

हे दुखणे किती जणांना होते? नॉर्वेमधील वरच्या दर्जाच्या ६१३ खेळाडूंची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यांत सर्व खेळ मिळून सुमारे १४ टक्के खेळाडूंना हे दुखणे होते. पण व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांत हे प्रमाण जवळजवळ ४५ टक्के आणि बास्केटबॉल खेळणाऱ्यांत ३२ टक्के निघाले. पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा अधिक आढळले. त्याच देशातील तरुण व्हॉलीबॉलपटूंच्या पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांची उडी मुळातच चांगली आणि ज्यांचा सराव अधिक, त्यांनाच हे दुखणे जास्त गाठते. म्हणजे संघातला सर्वांत उपयोगी स्मॅशरच सर्वांत आधी बाकावर बसण्याचा धोका असतो.

सूज की बिघडलेली वीण?

पूर्वी या दुखण्याला ‘टेंडनायटिस’ म्हणत, आणि आजही अनेक चिठ्ठ्यांवर तेच लिहिलेले असते. ‘आयटिस’ म्हणजे दाह. दाह म्हटला की उपायही ठरलेले : बर्फ, सूज उतरवण्याच्या गोळ्या आणि अंथरूण. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता दाहाच्या पेशी तेथे अपेक्षेप्रमाणे आढळल्या नाहीत. आढळले ते वेगळेच. एका ओळीतले धागे विस्कटलेले, मध्ये पाण्याचा अंश वाढलेला, नको तेथे बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांनी ‘टेंडनायटिस’ ही समजूत आता सोडून द्यावी, असे स्पष्ट लिहिले. आता ‘टेंडिनोपॅथी’, म्हणजे नुसता कंडरेचा विकार, असे म्हणतात. दाहाचा अंश मुळीच नसतो असे नव्हे. त्याविषयी तज्ज्ञांत चर्चा चालू आहे. पण मुख्य गोष्ट सूज नसून बिघडलेली वीण आहे, हे बहुतेकांना मान्य आहे.

२००९ साली ऑस्ट्रेलियातील जिल कुक आणि क्रेग पर्डम यांनी या बिघाडाच्या तीन अवस्था मांडल्या. भार एकदम वाढला की कंडरा प्रथम चवताळते आणि जाड होते; भार वेळीच कमी केला तर ती पूर्ववत होऊ शकते. तसाच भार चालू राहिला तर वीण विस्कटू लागते. आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर तिचा काही भाग कायमचा निकामी होतो. कंडरेच्या गाभ्याची नवनिर्मिती किती मंद असते याचा पुरावा २०१३ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी दिला. अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बनच्या साहाय्याने त्यांनी टाचेमागच्या कंडरेचे वय मोजले. तिचा गाभा वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे फारसा बदलत नाही, असे त्यांना दिसले. तेव्हा निकामी झालेला भाग गोळी घेऊन नवा होईल, ही आशा व्यर्थ आहे. ते बुडीत कर्ज समजावे. भोवतालचा निरोगी भाग बळकट करून त्याच्यावर व्यवहार चालवणे हाच मार्ग उरतो, आणि सुदैवाने तो पुष्कळ वेळा पुरतो.

येथे एक इशारा. ज्यांना काहीही दुखत नाही अशा अनेक खेळाडूंच्या कंडरेतही सोनोग्राफीत बिघाड दिसतो. म्हणून अहवालातील शब्द वाचून घाबरून जाऊ नये. अहवाल कंडरेचे चित्र दाखवतो. दुखणे आणि क्षमता यांचा अंदाज खेळाडूच्या हालचालीवरूनच येतो.

रोजकीर्द आणि घसारा

आता माझ्या शाखेकडे वळते. माझ्या वडिलांचे किराणा दुकान आहे. दुकानात रोजची उलाढाल रोजकीर्दीत उतरते. एका दिवशी खर्च जास्त झाला म्हणून दुकान बुडत नाही. पण रोज जमेपेक्षा खर्च जास्त झाला आणि कोणी वहीच उघडली नाही, तर वर्षअखेरीच्या ताळेबंदात तो प्रकार उघड होतो. कंडरेचे तसेच आहे. जोरदार व्यायामानंतर पहिला दिवस-दीड दिवस कोलॅजनच्या धाग्यांची मोडतोड नव्या बांधणीपेक्षा अधिक होते. त्यानंतर बांधणी वरचढ होते. म्हणजे उड्यांच्या दोन कडक सरावांमध्ये पुरेसे अंतर असेल तर जमा होते. रोज तसाच सराव असेल तर नुसतेच नावे पडत जाते.

परंतु एक मोठा फरक आहे. दुकानातल्या वजनकाट्याला वापरामुळे घसारा लागतो. तो कपाटात ठेवला तर वाचतो. कंडरेला याच्या उलट, न वापरण्यानेही घसारा लागतो. भार मिळाला नाही की तिची ताकद कमी होते आणि मांडीचे स्नायूही वाळतात. हा मुद्दा ध्यानात घेतला की बेळगावच्या मैदानावर हे दुखणे ठराविक दिवसांत का उद्भवते याचा उलगडा होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडचा पाऊस मैदानावर पाय ठेवू देत नाही. लाल मातीचा नुसता चिखल होतो. चार महिने उड्या शून्य. मग दसऱ्याच्या आसपास माती सुकते, आंतरमहाविद्यालयीन सामने तोंडावर येतात आणि सराव एकदम रोज दोन-दोन तास सुरू होतो. मी वहीत नोंद ठेवू लागल्यावर एका संध्याकाळी स्मॅश आणि ब्लॉक मिळून माझ्या एकटीच्या एकशे चाळीस उड्या भरल्या. सप्टेंबरात हाच आकडा शून्य होता. शिल्लक नसलेल्या खात्यावर एवढ्या रकमेचा धनादेश वटावा कसा?

‘आराम कर’ या सल्ल्याविषयी

माझा गुडघा दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात दुखू लागला. मला सांगण्यात आले की सहा आठवडे पूर्ण आराम कर. तो मी केला. दुखणे थांबले. सातव्या आठवड्यात मैदानावर गेले आणि चौथ्या दिवशी ते पुन्हा सुरू झाले. वर सांगितलेला हिशेब पाहता यात नवल काहीच नाही. आरामाने दुखणे कमी होते. पण क्षमताही कमी होते. खेळ मात्र पूर्वीइतकीच क्षमता मागतो.

पूर्ण आरामाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेला नसतो. मुलाने दोन महिने मैदान सोडले तर घरचे लोक विचारतात, “पुन्हा कधी सुरू करणार?” मुलीने सोडले तर आमचे मोठे काका म्हणाले तसे ऐकू येते : “झालं तेवढं पुरे झालं बाळ, आता अभ्यासाकडं बघ. उद्या पाय कायमचा धरला तर काय करायचं?” त्यांच्या बोलण्यात माया होती, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या संघातल्या दोघी अशाच मायेपोटी घरी बसल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. संध्याकाळची ती वेळ एकदा घरकामात गेली की परत मिळत नाही. म्हणून ‘आराम’ आणि ‘भार कमी करणे’ यांतला फरक निदान मुलींनी तरी नीट समजून घ्यावा असे मला वाटते. भार कमी करणारी मुलगी मैदानावर असते. ती उड्या मारत नाही, पण सर्व्हिस करते, पास देते, व्यायाम करते. तिचे नाव संघाच्या यादीत राहते.

उपायाच्या चार पायऱ्या

पुढे एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला जो क्रम घालून दिला, तो आज सर्वमान्य असलेल्या क्रमाशी जुळतो. २०२१ साली नेदरलँड्समधील ७६ खेळाडूंवर २४ आठवडे केलेल्या एका अभ्यासात असाच चार पायऱ्यांचा क्रम, केवळ खाली बसतानाच भार देण्याच्या जुन्या व्यायामापेक्षा सरस ठरला.

पहिली पायरी, स्थिर ताण. हालचाल न करता मांडीचा स्नायू ताणून धरायचा. यंत्र असेल तर त्यावर. नसेल तर भिंतीला पाठ टेकून, खुर्चीइतके पूर्ण खाली न जाता थोडे वरच थांबायचे. पंचेचाळीस सेकंद धरायचे, मध्ये विश्रांती घ्यायची, असे पाच वेळा. २०१५ साली ऑस्ट्रेलियात सहा व्हॉलीबॉलपटूंवर झालेल्या छोट्या प्रयोगात याने दुखणे लगेच उतरले होते. पुढच्या प्रयोगांत सर्वांनाच तसा गुण आला नाही. तरीही सुरुवातीला भार देण्याचा हा सुरक्षित मार्ग आहे.

दुसरी पायरी, जड आणि सावकाश. हाच उपायाचा कणा होय. लेग प्रेस किंवा वजन घेऊन उठाबशा, एक दिवसाआड. खाली जायला तीन-चार सेकंद, वर यायला तीन-चार सेकंद. डेन्मार्कमधील २००९ सालच्या प्रयोगात पहिल्या आठवड्यात जे वजन जेमतेम पंधरा वेळा उचलता येईल ते घेतले जाई, आणि ते वाढवत वाढवत नवव्या ते बाराव्या आठवड्यात जेमतेम सहा वेळाच उचलता येईल इतके केले जाई. आपल्याकडे यंत्र नसले तर पाठीवरच्या सॅकमध्ये वजन भरून आणि पुढे एका पायावर बाकापर्यंत बसून हे काम चालवता येते. वजन मात्र खरोखर जड वाटले पाहिजे. आमची लिफ्टर कन्नड शाळेत शिकलेली. ती माझ्यासाठी आकडे मोजायची : खाली जाताना ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु’ आणि वर येताना मी ‘एक, दोन, तीन, चार’. दोन भाषांत मोजल्यामुळे घाई होत नसे!

येथे तालमीतल्या बैठकांविषयी सांगितले पाहिजे. बेळगावला कुस्तीची परंपरा आहे आणि ‘बैठका मार, गुडघा सुटेल’ असा सल्ला हमखास मिळतो. बैठका दमसास आणि चिकाटीसाठी उत्तम. पण त्या भराभर, शेकड्यांनी आणि पूर्ण खाली जाऊन मारल्या जातात. दुखऱ्या कंडरेला हवे असते ते उलट : संख्या कमी, वजन जास्त, गती मंद.

तिसरी पायरी, उड्या. दुसऱ्या पायरीवरील व्यायाम फारसे न दुखता होऊ लागले की आधी दोन पायांवर लहान उड्या, मग उंच, मग एका पायावर. दर तिसऱ्या दिवशी, आणि मोजून.

चौथी पायरी, खेळ. आधी अर्धा सराव, मग पूर्ण सराव, आणि त्यानंतर सामना. या पायरीवर आल्यावरही आठवड्यातून दोनदा जड व्यायाम सोडू नये.

प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावायची. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखले तरी चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेले असले पाहिजे. आले असेल तर पुढे जा. नसेल तर भार थोडा कमी करा, व्यायाम बंद करू नका. कसोटीसाठी रोज सकाळी दुखऱ्या पायावर एकदाच हळू अर्धे खाली बसून पाहावे आणि गुण वहीत लिहावेत.

घाईचे उपाय

सामना परवा आहे आणि गुडघा दुखतो, अशा वेळी जो तो घाईचा उपाय शोधतो. मला एका ठिकाणी स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले गेले होते. डेन्मार्कच्या वरील प्रयोगात एका गटाला तेच दिले होते. बाराव्या आठवड्यापर्यंत त्यांना व्यायाम करणाऱ्यांइतकाच गुण आला. पण सहा महिन्यांनी त्यांची स्थिती पुन्हा खालावली, तर जड व्यायाम करणारे तसेच चांगले राहिले. शस्त्रक्रियेचेही असेच. नॉर्वेमधील २००६ सालच्या तुलनेत वर्षाअखेरीस शस्त्रक्रिया व्यायामाहून सरस ठरली नाही. म्हणून किमान बारा आठवडे नेटाने व्यायाम केल्याशिवाय तिचा विचार करू नये, असे त्या संशोधकांनी सुचवले. वाटीखाली बांधायचा पट्टा, मालीश, बर्फ यांनी बरे वाटत असेल तर अवश्य करावे; मात्र त्यांनी कंडरेची ताकद वाढते असे समजू नये. वेदनाशामक गोळी घेऊन सामना खेळण्यात धोका हा की, सकाळची ती कसोटीच बंद पडते. खात्यात किती शिल्लक आहे हे न पाहता खर्च करत राहण्यासारखेच ते झाले.

किती दिवस?

हा प्रश्न सगळे विचारतात. प्रामाणिक उत्तर : आठवडे नव्हे, महिने. नेदरलँड्सच्या त्या अभ्यासात नवा क्रम पाळणाऱ्यांतही २४ आठवड्यांनंतर पूर्वीच्या पातळीवर परतलेले खेळाडू निम्म्याहून कमी होते, जरी बहुतेकांचे दुखणे कमी झाले होते. टेनिसपटू राफाएल नदालचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. गुडघ्यांच्या कंडरांच्या दुखण्याने तो २००९ ची विम्बल्डन खेळू शकला नाही. २०१२ च्या जूनमध्ये विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत हरल्यानंतर डाव्या गुडघ्यासाठी तो सुमारे सात महिने बाहेर राहिला. त्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये स्पेनचा ध्वज हाती घेण्याचा मान त्याला मिळायचा होता. तोही त्याने सोडला. २०१३ च्या फेब्रुवारीत तो परतला आणि त्याच वर्षी फ्रेंच व अमेरिकन या दोन्ही स्पर्धा त्याने जिंकल्या. त्याच्यापाशी जगातले उत्तम वैद्य होते, तरी त्याला सात महिने लागले. आपल्याला तीन आठवड्यांत सुटका हवी असते!

मला स्वतःला पहिल्या दुखण्यापासून आठ महिने आणि जड व्यायाम सुरू केल्यापासून पाच महिने लागले. आजही सलग दोन सामने झाले की वाटीखाली जाणीव होते. ती जाणीव दोन-तीन गुणांची असते, आणि दुसऱ्या सकाळी जाते.

आपल्या मैदानासाठी काही सूचना

शेवटी, क्रीडा विभागाने आणि खेळाडूंनी मनावर घेतल्यास विनाखर्च करता येतील अशा चार गोष्टी सुचवते. पावसाळ्याचे चार महिने व्यायामशाळेत किंवा व्हरांड्यात आठवड्यातून तीनदा जड उठाबशा आणि मोजक्या उड्या चालू ठेवाव्यात, म्हणजे दसऱ्यानंतर शून्यातून सुरुवात होणार नाही. सराव सुरू झाल्यावर उड्यांची संख्या आठवड्याआठवड्याने वाढवावी. पहिल्याच दिवशी शंभरावर नेऊ नये. कडक उड्यांचे दोन सराव पाठोपाठच्या दिवशी ठेवू नयेत. मधल्या दिवशी सर्व्हिस, पास आणि डावपेच घ्यावेत. आणि प्रत्येक संघात उड्यांची व दुखण्याच्या गुणांची एक वही असावी. आमच्या संघाची वही सध्या माझ्याकडे आहे. तीत डाव्या बाजूला उड्या आणि उजव्या बाजूला दुसऱ्या सकाळचे गुण अशी साधी दोन रकान्यांची मांडणी आहे. मराठी-कन्नड दोन्ही आकड्यांत नोंदी आहेत आणि कोणालाही त्या वाचता येतात.

यंदा या वहीत एका प्रथम वर्षाच्या मुलीचे गुण सलग तीन दिवस चारवर राहिलेले दिसले. सरांना वही दाखवली. त्यांनी तिच्या उड्या निम्म्या केल्या आणि तिला पासच्या सरावात ठेवले. दहा दिवसांत गुण एकवर आले. तिच्या घरी हे सांगावेही लागले नाही, कारण ती एकही दिवस मैदानावरून गैरहजर नव्हती. ज्या संघांना वही सुरू करायची असेल त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्याकडे यावे. रकाने कसे आखायचे ते मी दाखवीन.